शेळ्यांची खरेदीपूर्व रोगपरीक्षा

शेळी, बोकड किंवा करडे विकत घेऊन आपल्या कळपात मिसळण्यापूर्वी ती सांसर्गिक व चिरकारी (दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या) रोगांपासून मुक्त आहेत किंवा नाहीत याची जी पद्धतशीर पडताळणी करतात, तिला खरेदीपूर्व रोगपरीक्षा म्हणतात. विक्रेत्याच्या कळपाची चौकशी, जनावराची शारीरिक तपासणी, रक्त, विष्ठा इ. नमुन्यांच्या प्रयोगशाळेतील चाचण्या आणि शेळी आणल्यावर काही काळ वेगळी ठेवून केलेले निरीक्षण असे या परीक्षेचे चार टप्पे आहेत. यांपैकी कोणताही एक टप्पा एकटा पुरेसा ठरत नाही. एका टप्प्यातून निसटलेला रोग पुढील टप्प्यात सापडावा, अशी त्यांची योजना असते.

२०१९ च्या पशुगणनेनुसार भारतात सु. १४·८९ कोटी व महाराष्ट्रात सु. १·०६ कोटी शेळ्या होत्या. महाराष्ट्रात उस्मानाबादी, संगमनेरी, बेरारी व कोकण कन्याळ या जाती प्रामुख्याने पाळल्या जातात. शेळीपालन करणाऱ्यांत अल्पभूधारक, भूमिहीन मजूर व स्त्रिया यांचे प्रमाण मोठे आहे. दहा शेळ्या व एक बोकड असा गट घेऊन व्यवसायाला आरंभ करण्याची पद्धत रूढ आहे. हा गट पुष्कळदा आठवडे बाजारातून, निरनिराळ्या मालकांकडून एकेक जनावर निवडून जमविला जातो. अकरा जनावरे अकरा कळपांतून आली, तर अकरा कळपांतील रोगही त्यांच्याबरोबर येण्याचा संभव असतो. मोठ्या कळपाच्या धन्याला दोन-तीन शेळ्यांचे नुकसान सोसता येते. ज्याचे सारे भांडवल या अकरा जनावरांत गुंतलेले असते, त्याचा व्यवसाय एका साथीत संपुष्टात येऊ शकतो. कर्ज काढून शेळ्या घेतल्या असल्यास शेळ्या मेल्यावरही कर्ज शिल्लक राहते.

इतिहास : खरेदी केलेल्या शेळ्यांबरोबर रोग दूरवर जाऊ शकतो, याची दोन उदाहरणे प्रसिद्ध आहेत. पहिले दक्षिण आफ्रिकेतील केप वसाहतीचे होय. तुर्कस्तानातून आणलेल्या अंगोरा शेळ्यांबरोबर १८८१ मध्ये तेथे शेळ्यांच्या सांसर्गिक फुप्फुसशोथाचा (फुप्फुसांच्या दाहयुक्त सुजेचा) शिरकाव झाला. वसाहतीचे पशुवैद्य डंकन हचन यांनी हा रोग सांसर्गिक असल्याचे ओळखले. बाधित जनावरे मारणे व रोगी फुप्फुसातील द्रव्य टोचून इतरांत प्रतिकारशक्ती निर्माण करणे अशा दुहेरी उपायांनी त्यांनी तो आटोक्यात आणला. या रोगास कारणीभूत असलेला मायकोप्लाझ्मा वर्गातील सूक्ष्मजंतू मात्र १९७६ मध्ये केन्यात प्रथम वेगळा करण्यात आला.

दुसरे उदाहरण माल्टा बेटावरील आहे. तेथील ब्रिटिश सैनिकांत आढळणाऱ्या, चढउतार होत राहणाऱ्या दीर्घ मुदतीच्या तापाचा सूक्ष्मजंतू डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये शोधून काढला. परंतु हा सूक्ष्मजंतू माणसापर्यंत कसा पोहोचतो, हे पुढे अठरा वर्षे उमगले नाही. माल्टात शेळ्या दारोदार नेऊन ग्राहकासमोर दूध काढून देण्याची चाल होती. या शेळ्या धडधाकट दिसत असल्याने त्यांच्याविषयी कोणासही शंका आली नाही. १९०५ मध्ये थेमिस्टोक्लीस झॅमिट यांना निरोगी समजल्या जाणाऱ्या शेळ्यांच्या रक्तातच रोगसंसर्गाचा पुरावा आढळला. त्याच वर्षी अमेरिकेच्या कृषी खात्यासाठी माल्टातून ६५ शेळ्या खरेदी करून जोशुआ निकोल्सन या जहाजाने रवाना करण्यात आल्या. वाटेत या शेळ्यांचे दूध प्यालेल्या खलाशांपैकी अनेकांना माल्टा ताप आला. अमेरिकेत पोहोचल्यावर शेळ्या वेगळ्या ठेवून तपासल्या असता त्यांच्यात संसर्ग आढळला व अखेर तो कळप नष्ट करावा लागला. उत्तम दूध देणाऱ्या व निरोगी दिसणाऱ्या म्हणूनच त्या निवडल्या गेल्या होत्या. ब्रिटिश सैनिकांच्या आहारातून १९०६ मध्ये शेळीचे दूध वगळताच त्यांच्यातील तापाचे प्रमाण झपाट्याने घटले.

रोगाचे अदृश्य अस्तित्व : आजारी दिसणारी शेळी सामान्य ग्राहकही घेत नाही. खरा धोका निरोगी दिसणाऱ्या बाधित शेळीपासून असतो. अशी स्थिती तीन कारणांनी उद्भवते. (१) रोगाचा परिपाककाल : रोगकारकाचा शरीरात प्रवेश झाल्यापासून लक्षणे दिसू लागेपर्यंतच्या काळात शेळी खाते, पिते व रवंथही करते, परंतु या काळाच्या अखेरीस ती रोगकारक बाहेर टाकू लागलेली असू शकते. (२) वाहक अवस्था : काही रोगांत शेळी महिनोन्‌महिने किंवा वर्षानुवर्षे लक्षणांवाचून रोगकारक बाळगते. सांसर्गिक गर्भपात, जोन्स रोग व पनिरासारखा घट्ट पू धरणारा लसीका ग्रंथींचा शोथ ही याची उदाहरणे आहेत. (३) झाकलेली लक्षणे : विक्रीपूर्वी औषध देऊन ताप वा हगवण तात्पुरती थांबविणे, गाठ फोडून जखम भरू देणे, दूध न काढता कास तट्ट फुगू देणे किंवा भरपूर पाणी पाजून पोट भरल्यासारखे दाखविणे, असे प्रकार बाजारात आढळतात. परीक्षेचे चार टप्पे या तीन अवस्थांना अनुसरून ठरलेले आहेत.

कळपाची चौकशी : एकेका शेळीपेक्षा ती ज्या कळपातून येते त्या कळपाचा इतिहास अधिक माहिती देतो. म्हणून शक्य तेव्हा खरेदी बाजारात न करता विक्रेत्याच्या गोठ्यावर व एकाच कळपातून करणे श्रेयस्कर असते. गेल्या वर्षभरात किती शेळ्या गाभडल्या, किती करडे मेली, किती जनावरे अकारण रोडावली, बाहेरून नवी जनावरे केव्हा आणली, पैदाशीचा बोकड स्वतःचा की गावातील सामाईक, चराईसाठी कळप स्थलांतर करतो काय, हे प्रश्न विचारावयाचे असतात. तीन-चार महिन्यांच्या गाभण शेळ्या पाठोपाठ गाभडल्या असतील, तर सांसर्गिक गर्भपाताचा संशय घ्यावा लागतो. चांगले खाऊनही प्रौढ शेळ्या खंगत असतील, तर जोन्स रोग व जंत यांचा विचार करावा लागतो.

लसीकरणाची नोंद पाहताना लस कोणती, कोणत्या तारखेस व कोणी टोचली, हे तपासतात. कानात बारा अंकी बिल्ला असल्यास त्यावरील क्रमांक नोंदीशी ताडून पाहतात. लस टोचल्याबरोबर संरक्षण मिळत नाही. शरीरात पुरेशी प्रतिरक्षा निर्माण होण्यास साधारणपणे दोन ते तीन आठवडे लागतात. त्यामुळे विक्रीच्या आदल्या दिवशी टोचलेल्या लशीचा खरेदीदारास तत्काळ उपयोग नसतो.

शारीरिक तपासणी : प्रथम शेळीला हात न लावता दुरून पाहतात, कारण धरल्यानंतर तिचा श्वास व नाडी जलद होतात. निरोगी शेळी कळपाबरोबर राहते, कान व मान हलवून आवाजाची दखल घेते, विश्रांतीच्या वेळी रवंथ करते व चारही पायांवर सारखा भार देते. कळपापासून अलग उभी राहणारी, मान खाली घातलेली, लंगडणारी, खोकणारी किंवा कुबड काढून उभी असलेली शेळी नाकारणे इष्ट असते. प्रौढ शेळीचे शारीरिक तापमान सर्वसाधारणपणे ३८·५ ते ४०° से., नाडीचे ठोके मिनिटास ७० ते ९० व श्वसन १५ ते ३० वेळा असते. उन्हातून चालत आलेल्या शेळीत हे आकडे वाढलेले असतात. म्हणून तिला सावलीत विसावा देऊन मोजमाप करतात.

यानंतर डोक्यापासून शेपटीपर्यंत क्रमाने तपासणी करतात. खालची पापणी उलटून आतील श्लेष्मकलेचा (बुळबुळीत अस्तराचा) रंग पाहतात. तो गुलाबी-लालसर असावा. फिकट वा पांढुरका असल्यास रक्तक्षय असून त्याचे नेहमीचे कारण जठरातील रक्तशोषक गोलकृमी हे असते. रंगाच्या पाच छटांशी तुलना करून रक्तक्षयाची प्रत ठरविणारा फामाचा तक्ता दक्षिण आफ्रिकेत मेंढ्यांसाठी तयार झाला व पुढे तो शेळ्यांसाठीही वापरला जाऊ लागला. जबड्याखाली पाणी उतरून आलेली मऊ सूज हेही जंतांच्या तीव्र प्रादुर्भावाचे लक्षण होय. डोळ्यांतून व नाकातून घट्ट स्राव येणे, तोंडात व्रण असणे, श्वासाला दुर्गंधी येणे व त्यासोबत ताप आणि हगवण असणे ही पीपीआर या रोगाची लक्षणे आहेत. ओठांवर व नाकपुड्यांभोवती जाड खपल्या असल्यास मावा, तर अंगाच्या केसविरहित भागांवर पुटकुळ्या असल्यास देवी या रोगाचा संशय घेतात.

दातांवरून वय कळते. खालच्या जबड्यातील आठ पुढच्या दातांपैकी कायम दातांची पहिली जोडी साधारणपणे सव्वा वर्षाच्या आसपास येते व त्यानंतर सु. वर्षाला एक याप्रमाणे पुढील जोड्या येतात. अशा शेळ्यांना अनुक्रमे दोन दाती, चार दाती, सहा दाती व पूर्ण जुळलेली असे म्हणतात. वयाचा संबंध रोगनिदानाशीही आहे, कारण जोन्स रोगाची लागण बहुधा करडूवयात होऊन लक्षणे प्रौढपणी प्रकट होतात.

जबड्याखाली, कानामागे, खांद्यापुढे व मांडीच्या पुढील बाजूस बोटांनी चाचपून लसीका ग्रंथी तपासतात. तेथे टणक गाठ किंवा जुन्या जखमेचा वण असल्यास पूयुक्त लसीका ग्रंथिशोथाची शक्यता असते. या गाठीतील पू जमिनीवर सांडल्यास त्यातील सूक्ष्मजंतू महिनोन्‌महिने जिवंत राहतात. त्यामुळे एका शेळीची फुटलेली गाठ साऱ्या वाड्याला बाधक ठरते. कातडीवर खरूज, उवा व गोचीड आहेत काय, खुरांच्या बेचक्यात कुजल्याचा वास किंवा फोड आहेत काय, हेही पाहतात. लाळ-खुरकूत रोगात शेळ्यांची लक्षणे गाईबैलांच्या मानाने इतकी सौम्य असतात, की किंचित लंगडणे एवढेच दिसून येते. गोठ्यात गाईगुरे असल्यास या तपासणीस विशेष महत्त्व येते. लेंड्या सुट्या व घट्ट असाव्यात. शेपटीखालचा भाग माखलेला असल्यास हगवण चालू असल्याचे समजते.

दुभत्या शेळीची कास दूध काढण्यापूर्वी व काढल्यानंतर चाचपतात. दोन्ही अर्धभाग सारखे व मऊ असावेत. दुधाच्या पहिल्या धारा काळ्या पृष्ठभागावर काढून गुठळ्या, पाणचटपणा किंवा रक्त यांची पाहणी करतात. शेळीच्या दुधात निरोगी अवस्थेतही पेशींचे प्रमाण गाईच्या दुधापेक्षा अधिक असते. म्हणून पेशींच्या संख्येवर आधारलेल्या कासदाहाच्या चाचणीचा अर्थ शेळ्यांच्या बाबतीत सावधपणे लावावा लागतो. बोकडाची तपासणी अधिक काटेकोरपणे करतात, कारण त्याचा संपर्क कळपातील प्रत्येक मादीशी येतो. त्याचे दोन्ही वृषण सारख्या आकाराचे, घट्ट व वेदनारहित असावेत.

महत्त्वाचे रोग : पीपीआर हा विषाणुजन्य रोग १९४२ मध्ये आफ्रिकेतील आयव्हरी कोस्ट येथे प्रथम वर्णिला गेला. त्याचा विषाणू गुरांच्या बुळकांडी रोगाच्या विषाणूशी निकटचा संबंधित आहे [⟶ बुळकांडी]. भारतात तो १९८७ मध्ये तमिळनाडूतील अरसूर येथे आढळला आणि १९९४ नंतर उत्तर भारतातही पसरला. आजारी व निरोगी जनावरांच्या निकट सान्निध्यातून त्याचा प्रसार होतो. त्यामुळे बाजार व वाहतूक ही त्याच्या फैलावाची प्रमुख साधने आहेत. भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने व तमिळनाडूतील पशुवैद्यक विद्यापीठाने त्यावर परिणामकारक सजीव लसी तयार केल्या असून लशीची प्रतिरक्षा निदान तीन वर्षे टिकते. बुळकांडीचे जगातून उच्चाटन झाल्याचे २०११ मध्ये जाहीर झाले. पीपीआरचेही २०३० पर्यंत उच्चाटन करण्याचा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम २०१५ मध्ये हाती घेण्यात आला. पीपीआरमधून बरी झालेली शेळी दीर्घकाळ वाहक राहत नाही. या रोगात धोका परिपाककालातील जनावरापासून असतो.

सांसर्गिक गर्भपात याच्या उलट आहे. ब्रूसेला मेलिटेन्सिस हा सूक्ष्मजंतू शेळीच्या लसीका ग्रंथी, कास व गर्भाशय यांत ठाण मांडतो. गर्भपात बहुधा गाभणकाळाच्या शेवटच्या दोन महिन्यांत होतो. पुढील वेतांत शेळी व्यवस्थित विते. तथापि व्याल्यानंतरच्या स्रावातून व दुधातून ती सूक्ष्मजंतू बाहेर टाकीत राहते. म्हणूनच एकदाच गाभडलेली व नंतर चांगली व्यालेली शेळी निर्दोष मानता येत नाही.

जोन्स रोग क्षयाच्या सूक्ष्मजंतूशी नाते असलेल्या सूक्ष्मजंतूमुळे होतो. तो आतड्याच्या अस्तरात वाढून पचन व शोषण बिघडवितो. शेळ्यांत गाईंप्रमाणे सततची हगवण नेहमी दिसत नाही. खंगत जाणे हेच मुख्य लक्षण असते. यावर परवडणारा व खात्रीचा उपचार नाही. मथुरेजवळील मखदूम येथे १९७९ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय शेळी संशोधन संस्थेत या रोगाच्या निदानावर व लशीवर विस्तृत संशोधन झाले आहे.

प्रयोगशाळेतील चाचण्या : सांसर्गिक गर्भपातासाठी रोझ बेंगॉल चाचणी सोपी व स्वस्त आहे. रक्तरसाचा (रक्त गोठल्यावर सुटणाऱ्या द्रवाचा) थेंब रंगविलेल्या मृत सूक्ष्मजंतूंच्या थेंबात मिसळल्यास, रक्तरसात प्रतिपिंडे असतील तर काही मिनिटांत बारीक गुठळ्या दिसतात. बाधित ठरलेल्या नमुन्याची एलायझा किंवा पूरक-बंधन चाचणीने खातरजमा करतात. गाईंच्या दुधासाठी वापरली जाणारी वलय चाचणी शेळ्यांत विश्वसनीय ठरत नाही. जोन्स रोगासाठी विष्ठेचे विशिष्ट रंजन करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, तसेच एलायझा व पीसीआर चाचण्या करतात. विष्ठेतील सूक्ष्मजंतूंचे संवर्धन अधिक खात्रीचे असले, तरी त्यास कित्येक आठवडे लागतात. जंतांसाठी ताज्या लेंड्यांतील अंड्यांची मोजणी करतात. महाराष्ट्रात पुणे येथील पशुसंवर्धन खात्याच्या रोग अन्वेषण विभागात व पशुवैद्यक महाविद्यालयांत अशा तपासणीच्या सोयी आहेत. नमुने स्थानिक पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत पाठविता येतात.

चाचण्यांचा अर्थ : रक्तातील प्रतिपिंडे शरीराचा रोगकारकाशी संबंध आल्याचे दर्शवितात; तो संबंध लशीमुळे की संसर्गामुळे, हे त्यांवरून नेहमी कळत नाही. पीपीआरची लस टोचलेल्या शेळीच्या रक्तातही प्रतिपिंडे आढळतात. म्हणून चालू संसर्गाच्या निदानासाठी डोळ्यांतील व नाकातील स्रावात प्रत्यक्ष विषाणूचा शोध घ्यावा लागतो. तीन-चार महिन्यांपेक्षा लहान करडांच्या रक्तात चिकातून आलेली आईची प्रतिपिंडे असतात. याउलट, संसर्ग अगदी अलीकडचा असल्यास प्रतिपिंडे निर्माण झालेली नसतात व चाचणी चुकीने निर्दोष येते. गाभण शेळीची सांसर्गिक गर्भपाताची चाचणी याच कारणास्तव व्याल्यानंतर पुन्हा करतात.

चाचणीची विश्वसनीयता कळपातील रोगाच्या प्रमाणावरही अवलंबून असते. समजा, १,००० शेळ्यांपैकी २० बाधित आहेत आणि चाचणी १०० बाधितांपैकी ९० ओळखते व १०० निरोगी शेळ्यांपैकी ५ चुकीने बाधित ठरविते. अशा वेळी १८ खऱ्या बाधित शेळ्या सापडतील, २ निसटतील आणि ४९ निरोगी शेळ्यांवर विनाकारण ठपका येईल. हीच चाचणी २०० बाधित असलेल्या कळपात वापरल्यास १८० बाधित व ४० निरोगी शेळ्या बाधित म्हणून दाखविल्या जातील. म्हणजे रोगाचे प्रमाण कमी असेल तेथे एका चाचणीवरून शेळी बाधित ठरविणे अन्यायाचे होते व रोगाचे प्रमाण अधिक असेल तेथे एका चाचणीवरून ती निर्दोष मानणे धोक्याचे होते.

यामुळेच एका शेळीची चाचणी करण्यापेक्षा विक्रेत्याच्या कळपातील अनेक शेळ्यांचे नमुने तपासणे उपयुक्त ठरते. मोठ्या कळपात दर दहा शेळ्यांमागे एक बाधित असेल व चाचणी अचूक असेल, तर यदृच्छया निवडलेल्या २९ शेळ्या तपासल्यास निदान एक बाधित शेळी सापडण्याची संभाव्यता ९५ टक्के असते. लागोपाठ वर्षांत निर्दोष ठरलेल्या कळपातील शेळी ही एकदाच निर्दोष ठरलेल्या एकट्या शेळीपेक्षा कितीतरी अधिक सुरक्षित असते.

विलगवास : खरेदी केलेली शेळी मूळ कळपापासून दूर, स्वतंत्र जागेत ठेवून तिच्यासाठी वेगळी भांडी वापरतात व आपल्या शेळ्यांचे काम उरकल्यावरच तिच्याकडे जातात. हा काळ सामान्यतः ३० दिवसांचा धरतात. त्यामागील हिशेब परिपाककालावर आधारलेला आहे. आंतरराष्ट्रीय संकेतांनुसार हा काळ लाळ-खुरकुतासाठी १४ दिवस, पीपीआर व देवी यांसाठी २१ दिवस आणि सांसर्गिक फुप्फुसशोथासाठी ४५ दिवस मानला जातो. शेवटच्या रोगाचा प्रादुर्भाव असलेल्या भागातून शेळ्या आणल्यास विलगवास त्या प्रमाणात वाढवावा लागतो. सांसर्गिक गर्भपात व जोन्स रोग मात्र ३० दिवसांत प्रकट होत नाहीत. त्यांच्यासाठी या काळात चाचणीची पुनरावृत्ती करतात.

प्रवासाचा शीण, बदललेला चारा व गर्दी यांमुळे शेळीची प्रतिकारशक्ती उतरते व दबून राहिलेले श्वसनरोग आणि रक्ती हगवण डोके वर काढतात. या दृष्टीने विलगवास हा शेळीला सावरण्याचाही काळ असतो. याच काळात जंतनाशक देऊन दहा ते चौदा दिवसांनी विष्ठा पुन्हा तपासतात. अंडी कायम राहिल्यास त्या औषधाला दाद न देणारे जंत शेळीबरोबर आले आहेत असे समजते. असे जंत एकदा चराऊ रानात पसरले, की ते औषध त्या कळपासाठी निरुपयोगी होते.

मानवी आरोग्य : सांसर्गिक गर्भपाताचे सूक्ष्मजंतू कच्च्या दुधातून आणि व्याल्या-गाभडल्यानंतरच्या स्रावाच्या स्पर्शाने माणसात शिरतात व दीर्घकाळ येणारा ताप, रात्रीचा घाम, सांधेदुखी आणि थकवा उत्पन्न करतात. मावा रोगाचे फोड शेळ्या हाताळणाऱ्यांच्या बोटांवर येतात. क्यू ज्वर व फाशी हेही शेळ्यांपासून माणसाला होणारे रोग आहेत. म्हणून तोंडातील किंवा जननमार्गाची तपासणी हातमोजे घालून करावी, गाभडलेले पिलू व वार खोल पुरून टाकावी आणि दूध उकळूनच वापरावे, असा पशुवैद्यांचा सल्ला असतो.

कायदा व सामाजिक बाजू : प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोगांचे प्रतिबंधन व नियंत्रण अधिनियम, २००९ अन्वये अनुसूचीतील रोगाचा संशय आल्यास मालकाने तशी खबर देणे व जनावर वेगळे ठेवणे बंधनकारक आहे. रोगग्रस्त असल्याचे ठाऊक असलेले जनावर बाजारात आणण्यासही मनाई आहे. सहा तासांहून अधिक काळाच्या रेल्वे किंवा रस्त्यावरील प्रवासासाठी शेळ्या-मेंढ्यांबरोबर पशुवैद्याचा आरोग्य दाखला असावा, अशी तरतूद १९७८ च्या प्राणी-वाहतूक नियमांत आहे. हा दाखला प्रवासायोग्यतेचा असतो. वाहक अवस्थेतील रोगांविषयी तो हमी देत नाही.

व्यवहारात एक अडचण नेहमी उद्भवते. जाणकार ग्राहकाने नाकारलेली बाधित शेळी पुढच्या बाजारात कमी किमतीस विकली जाते व ती घेणारा बहुधा अधिक गरीब असतो. अशा रीतीने एका कळपाने टाळलेला रोग दुसऱ्या कळपाच्या वाट्याला येतो. चाचणीचा निष्कर्ष विक्रेत्याला व पशुवैद्यकीय दवाखान्याला कळविल्यास मूळ कळपाची तपासणी, लसीकरण व बाधित जनावरांची योग्य विल्हेवाट शक्य होते. बाधित जनावर काढून टाकणे गरीब मालकाला परवडत नसल्याने भरपाईचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. गावातील शेळीपालकांनी एकत्र येऊन एकाच तपासलेल्या कळपातून खरेदी करणे, पैदाशीच्या सामाईक बोकडाची वर्षातून एकदा चाचणी करणे आणि लसीकरण एकाच वेळी उरकणे, हे उपाय कमी खर्चात अधिक संरक्षण देतात.